पगार तिकडचा, हिशोब घराचा

"तिथं महिन्याचे किती भेटतात भाऊ, अन् त्याचे इथले किती होतात?"

खापरखेड्यात सौदीहून किंवा ओमानहून कोणी सुट्टीवर आलं की पहिला प्रश्न हा असतो. दुसरा जरा दबक्या आवाजात येतो आणि बहुतेक वेळा तो घरातल्या बायका विचारतात: "मग बायकापोरांना काहून नेत नाही सोबत?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोबाइलवरच्या गुणाकारानं मिळतं. दुसऱ्याला कागद-पेन घेऊन बसावं लागतं. हे प्रकरण दुसऱ्या प्रश्नाचं आहे.

हा प्रश्न खापरखेड्यात निघण्याला कारण आहे. सावनेर तालुक्यातल्या या गावात महानिर्मितीचं औष्णिक वीज केंद्र आहे. २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० मेगावॅटचा एक, मिळून १,३४० मेगावॅट. शेजारी कोराडीचं केंद्र, आजूबाजूला सिल्लेवाडा, वलनी इथल्या कोळसा खाणी. बॉयलर, टर्बाइन, पंप, व्हॉल्व्ह, केबल आणि वेल्डिंग यांत हात बसलेली माणसं इथं घरोघरी सापडतात. हेच हात आखातातल्या वीज केंद्रांना, तेलशुद्धीकरण कारखान्यांना आणि समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पांना हवे असतात. दोन-तीन महिन्यांच्या शटडाऊनला जाणाऱ्याला कुटुंब नेण्याचा प्रश्न पडत नाही. तो पडतो दोन-तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट हातात आल्यावर.

परदेशी नोकरी घेणं हा एक निर्णय आहे आणि कुटुंब तिकडं नेणं हा दुसरा. आपण ते एकाच दमात घेतो. या दोन्हींचे हिशोब वेगळे असतात, कधी कधी तर अगदी उलटे येतात. म्हणून ते वेगळ्या पानांवर मांडायचे.

१. गुणाकार कशाला लावायचा?

समजा, एका इन्स्ट्रुमेंटेशन टेक्निशियनला सौदीत महिना ६,००० रियालची नोकरी मिळाली. रियाल २३ रुपयांचा धरला तर १,३८,००० रुपये. हा आकडा घरात एकदा उच्चारला गेला की मग दुसरा कोणताच आकडा कुणाला ऐकू येत नाही.

वीज केंद्रात काम करणाऱ्याला यातली चूक समजायला वेळ लागू नये. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेनं चालला तरी बाहेर वाहिनीवर ५०० मेगावॅट जात नाहीत. कोळसा दळायच्या गिरण्या, पंखे, पाण्याचे पंप हे सगळं केंद्राच्याच विजेवर चालतं. कोळशाच्या केंद्रात साधारण सहा ते नऊ टक्के वीज अशी आतच खर्च होते. तिला ऑक्झिलरी म्हणतात. महसूल मिळतो तो बाहेर गेलेल्या विजेवर. परदेशी पगाराचंही तसंच आहे. जो पैसा तिकडंच खर्च होणार त्याला २३ नं गुणण्यात काही अर्थ नाही, कारण तो रुपया कधी होणारच नाही. गुणाकार फक्त खापरखेड्याला पोचणाऱ्या रकमेला लावायचा. फरक एवढाच, की केंद्राची ऑक्झिलरी दहा टक्क्यांच्या आत राहते आणि कुटुंबाची नव्वद टक्क्यांवरही जाऊ शकते.

आता आपल्या टेक्निशियनची दोन पानं मांडू. यातले घरखर्चाचे आकडे समजावण्यापुरते धरलेले आहेत. तुम्ही त्या जागी तुमचे घाला.

पहिल्या पानावर तो एकटा आहे. राहायला कंपनीचा कॅम्प, जेवण मेसमध्ये. मोबाइल, कपडे, शुक्रवारचं बाहेरचं जेवण धरून ७०० रियाल खर्च. उरले ५,३००, म्हणजे १,२१,९०० रुपये. त्यातून खापरखेड्याचं घर चालायला ३५,००० लागतात. शिल्लक ८६,९००.

दुसऱ्या पानावर तो, पत्नी आणि दोन मुलं आहेत. घरभाडं १,५०० रियाल, किराणा-भाजी-गॅस १,४००, शाळा आणि बस ८००, गाडी-पेट्रोल ४००, वीज-मोबाइल-इंटरनेट ३००. शिवाय सौदी सरकारचं आश्रितांवरचं शुल्क १,२००. त्याबद्दल पुढं येतंच. बेरीज ५,६००. शिल्लक ४०० रियाल, म्हणजे ९,२०० रुपये. वर्षाकाठी चार माणसांची येण्याजाण्याची तिकिटं कंपनी देत नसेल तर तीही यातूनच.

दोन पानांतला फरक महिन्याला ७७,७०० रुपयांचा आहे. ही एकत्र राहण्याची किंमत. ती जास्त आहे असं मला म्हणायचं नाही. लहान मुलांचा बाप त्यांच्यासोबत असणं याला काही जण याहून जास्त मोल देतील आणि ते योग्यच असेल. पण किंमत न विचारता घेतलेली वस्तू महाग पडल्याचं दोन वर्षांनी कळतं, तेव्हा घराचे हप्ते थकलेले असतात.

२. ऑफर लेटरमधली बारीक अक्षरं

पगाराचा एकूण आकडा ठळक छापलेला असतो. आपण त्याच्या खाली बघायचं. पहिली गोष्ट, कॉन्ट्रॅक्ट "बॅचलर स्टेटस"चं आहे की "फॅमिली स्टेटस"चं. आखातात हे दोन शब्द सर्रास चालतात आणि लग्न झालेल्या माणसालाही बॅचलर स्टेटस देतात. त्याचा अर्थ कंपनी फक्त त्याच्या राहण्या-खाण्याची, विम्याची आणि तिकिटाची जबाबदारी घेते. फॅमिली स्टेटस असेल तर घरभाडं, कुटुंबाचा आरोग्य विमा, वार्षिक तिकिटं आणि क्वचित मुलांची फी यांतलं काही ना काही मिळतं. त्यामुळं बॅचलर स्टेटसच्या ७,००० पेक्षा फॅमिली स्टेटसचे ५,५०० कुटुंबाला जास्त असू शकतात.

दुसरं, कुटुंब आणायची परवानगी सगळ्यांना मिळत नाही. सौदीत ते इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, लिहिलेल्या पेशावर अवलंबून असतं. काम टेक्निशियनचं आणि इकाम्यावर "लेबर" लिहिलेलं, असं झालं की दारच बंद. संयुक्त अरब अमिरातीत पेशाची अट २०१९ मध्ये काढली. तिथं आता पगार बघतात: महिना ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहायची सोय. कुवेतमध्ये कुटुंबाचे व्हिसा मधली काही वर्षं थांबवलेले होते. ते २०२४ मध्ये पुन्हा सुरू केले तेव्हा पगाराची अट ८०० दिनारांवर नेऊन ठेवली होती. असे नियम वरचेवर बदलतात, म्हणून सही करायच्या आठवड्यात ते नव्यानं तपासायचे.

तिसरी गोष्ट लोकांच्या नजरेतून हमखास सुटते. एकूण पगार तोच असला तरी त्यातलं बेसिक किती आणि भत्ते किती? अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर ठरते. पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचं बेसिक, पुढं दरवर्षी ३० दिवसांचं. दोन माणसांना सारखेच ६,००० दिरहम मिळतात असं समजा. एकाचं बेसिक ४,००० आहे, दुसऱ्याचं २,५००. पाच वर्षांनी पहिल्याला १४,००० दिरहम मिळतील, दुसऱ्याला ८,७५०. दरमहा हातात येणारी रक्कम सारखी असल्यामुळं दुसऱ्याला पाच वर्षं काही कळतही नाही.

आणि सुरुवातीची रोकड. दुबईत घराचं भाडं दरमहा देण्याची पद्धत कमी. वर्षाचं भाडं एक ते चार धनादेशांत आगाऊ लिहून घेतात. वर अनामत आणि दलाली. पहिला पगार हातात यायच्या आधीच एवढी रक्कम उभी करावी लागते. त्यासाठी इकडचं सोनं गहाण पडत असेल तर त्याचं व्याज दुसऱ्या पानावर लिहायचं.

३. सौदीनं शिकवलेला धडा

आखातात पगारावर आयकर नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण सरकारला पैसे हवे असले की ते दुसऱ्या दारानं घेतं. जुलै २०१७ पासून सौदी अरेबियानं परदेशी कामगारांसोबत राहणाऱ्या प्रत्येक आश्रितावर शुल्क लावलं. पहिल्या वर्षी माणशी महिना १०० रियाल, मग दरवर्षी शंभरानं वाढत २०२० मध्ये ४००. पत्नी आणि दोन मुलं असलेल्या माणसाला २०१७ मध्ये वर्षाला ३,६०० रियाल भरावे लागत होते. तीनच वर्षांत ते १४,४०० झाले. २३ च्या दरानं ते ३,३१,२०० रुपये होतात. इकामा नूतनीकरणाच्या वेळी ही रक्कम आगाऊ भरावी लागते.

त्याच काळात मूल्यवर्धित कर आला. जानेवारी २०१८ मध्ये तो ५ टक्के होता, जुलै २०२० मध्ये थेट १५ टक्के झाला. एकट्या माणसाला तो फारसा बोचत नाही, कारण त्याची खरेदीच कमी. कुटुंबाला मात्र बाजारातल्या प्रत्येक फेरीत बोचतो. या वर्षांत हजारो भारतीय घरांनी बायकामुलांना परत पाठवलं आणि बाप पुन्हा कॅम्पवर राहायला गेला. त्यांचा मूळ हिशोब चुकला नव्हता, मधेच नियम बदलले. ओमाननंही २०२८ पासून वार्षिक ४२,००० ओमानी रियालांवरच्या उत्पन्नावर ५ टक्के आयकर जाहीर केला आहे. ही मर्यादा आपल्या टेक्निशियनच्या फार वर आहे. पण आखातात वैयक्तिक आयकर कधीच येणार नाही, ही समजूत आता सोडलेली बरी.

म्हणून दुसऱ्या पानावर एक ओळ कोरी ठेवायची: "नवीन शुल्क". आज शून्य असलं तरी पगाराच्या दहा टक्के धरायचं. तरीही पान जमत असेल तर पुढं जायचं.

४. जिथं कर आहे तिथलं गणित उलटं

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर असे अनेक व्यवसाय त्यात आहेत आणि सुरुवातीचं उद्दिष्ट दहा हजारांचं ठेवलं होतं. तेव्हापासून आयटीआय झालेल्या पोरांच्या घरात जर्मनीचं नाव निघू लागलं. पहिली शंका ठरलेली: "तिथं तर अर्धा पगार करात जातो म्हणे."

अर्धा जात नाही. साधारण ३,००० युरो पगाराच्या एकट्या माणसाच्या हातात सुमारे दोन-तृतीयांश पडतो. कापलेल्या रकमेचा मोठा भाग निवृत्तिवेतन, आरोग्य आणि बेकारी विम्याचा असतो. निवृत्तिवेतनाची वर्गणी १८.६ टक्के, त्यातली निम्मी मालक भरतो. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे. त्यामुळं किमान वर्षांची अट मोजताना दोन्ही देशांतली वर्षं एकत्र धरता येतात. म्हणजे ही कपात सगळीच गेली असं नाही.

कुटुंब आलं की चित्र पालटतं. नवरा-बायको दोघं तिथं राहत असतील आणि एकच कमावत असेल तर या पगारावरचा आयकर जवळपास नाहीसा होतो आणि विम्याची सुमारे एक-पंचमांश कपात उरते. कमाई नसलेली पत्नी आणि मुलं नवऱ्याच्या सरकारी आरोग्य विम्यात जादा हप्ता न भरता येतात. प्रत्येक मुलामागं सरकार बालभत्ता देतं, २०२५ मध्ये तो महिना २५५ युरो होता. दोन मुलांचे ५१० युरो. सरकारी शाळेला फी नाही. पत्नी-मुलं खापरखेड्यातच राहिली तर यातलं जवळपास काहीच मिळत नाही.

त्याच चार माणसांच्या कुटुंबावर सौदी दरमहा १,२०० रियाल लावतं आणि जर्मनी पाचशेहून जास्त युरो देतं. म्हणून "परदेशात कुटुंब न्यावं का" असा सर्वसाधारण प्रश्नच करू नये. देशाचं नाव घालून विचारावा.

अर्थात जर्मनीतही पदरमोड आहे. घरमालक तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेऊ शकतो. भाड्यानं मिळणाऱ्या घरात बरेचदा स्वयंपाकाचा ओटा-कपाटंसुद्धा नसतात. ती स्वतः बसवावी लागतात, हे ऐकून आपल्याकडच्या माणसाला हसू येतं. आणि भाषा शिकण्यात जाणारे महिने बिनपगारी असतात. ते पहिल्याच ओळीत लिहायचे.

ब्रिटनचा प्रकार निराळा. तिथं कुटुंब न्यायची किंमत विमानात बसण्याआधीच मोजतात. व्हिसाच्या अर्जासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड आहे, तोही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम. दोन मोठी, दोन मुलं, तीन वर्षं: १०,८६६ पौंड. पौंड ११० रुपयांना धरला तर जवळपास १२ लाख रुपये. व्हिसाची फी वेगळी. परिचारिकेला आरोग्य-सेवा व्हिसावर हा अधिभार माफ आहे आणि तिला कुटुंब नेता येतं. वृद्धांची काळजी घेणाऱ्या केअर वर्करलाही अधिभार माफ होता, पण ११ मार्च २०२४ पासून कुटुंब आणायला मनाई झाली. "यूकेत हॉस्पिटल लाइनला" एवढ्या माहितीवर एजंटाला पैसे देणाऱ्यांनी हा फरक आधी विचारून घ्यावा.

५. थांबलेला दुसरा पगार

आतापर्यंतच्या दोन्ही पानांवर एक ओळ नाही आणि बहुतेक घरांत ती कुणी लिहीतच नाही. पत्नी काय कमावते?

समजा ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, हातात ५५,००० रुपये येतात. नवरा एकटा गेला तर पहिल्या पानावरची शिल्लक ८६,९०० नसून १,४१,९०० आहे. सोबत गेली तर हे ५५,००० शून्य होतात आणि दुसऱ्या पानावर उरतात तेच ९,२००. एकत्र राहण्याची किंमत आता महिन्याला १,३२,७०० झाली. शिवाय नोकरी सोडली तर ती परत मिळत नाही. बिनपगारी रजा मिळाली तरी बढती, वेतनवाढ, निवृत्तीच्या लाभात धरली जाणारी वर्षं यांवर परिणाम होतो. तो नेमका किती, हे कार्यालयातून लेखी घ्यायचं. "काही होत नाही, पुन्हा रुजू करून घेतात" असं सांगणारे पुष्कळ असतात, पण त्यांतला एकही जण आस्थापना विभागात नसतो.

पत्नीची कमाई रोखीत दिसत नसली तरी ती असते. शिवणकाम, शिकवणी, डबे, दुकानात बसणं, सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं. ती गेल्यावर सासऱ्यांच्या डायलिसिसला सोबत जायला माणूस ठेवावा लागला तर त्याचा पगार कुठल्या पानावर? दुसऱ्या.

आता तिकडं तिला काम करता येईल का? इथं देशागणिक फरक आहे. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या पत्नीला किंवा पतीला नोकरी करता येते. अमिरातीत नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या पत्नीला कामाचा परवाना काढून नोकरी धरता येते. सौदीत नुसत्या आश्रिताच्या इकाम्यावर कामाला जाणं नियमबाह्य आहे. अमेरिकेत एच-४ व्हिसावरच्या जोडीदाराला २०१५ पासून परवाना मिळतो, पण नवऱ्याची किंवा बायकोची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोचल्यावरच. आणि परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. इथली डी.एड. पदविका तिथल्या शाळेत चालेलच असं नाही, नर्सिंगला वेगळी परीक्षा लागते. म्हणून पहिल्या वर्षात दुसरा पगार शून्यच धरायचा.

परदेशाचा निर्णय घेताना आपल्याकडं नवऱ्याच्या पगाराची चर्चा सहा महिने होते आणि बायकोच्या नोकरीची सहा मिनिटं. पैशांतसुद्धा ते परवडत नाही.

६. दहावी कुठं, बारावी कुठं?

आखातात सीबीएसईच्या भारतीय शाळा भरपूर आहेत, त्यामुळं अभ्यासाचं नुकसान होत नाही. फीचा हिशोबही सोपा आहे. अवघड गोष्ट परत आल्यावर कळते.

मुलीला नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा मेयो या तिथल्याच दुसऱ्या शासकीय महाविद्यालयात जायचं आहे असं समजा. महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राज्य कोट्यातल्या जागांसाठी साधारण अट अशी असते: अधिवास महाराष्ट्राचा हवा आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण हवी. दहावी शारजात झाली तर खापरखेड्याचा अधिवास दाखला असूनही ती या जागांतून बाहेर पडते. उरतो अखिल भारतीय कोटा किंवा खासगी महाविद्यालय. शासकीय आणि खासगी फीमधली तफावत पाच वर्षांत लाखोंची होते. बापाची दोन वर्षांची शिल्लक एका झटक्यात जाईल एवढी. अभियांत्रिकीचे नियम जरा सैल आहेत. आईवडील महाराष्ट्राचे अधिवासी असतील तर बाहेर शिकलेल्या मुलालाही वाट आहे. शिवाय आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी काही अतिरिक्त जागा असतात. त्या-त्या वर्षीची सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका हा या बाबतीतला अंतिम शब्द. शेजाऱ्याच्या मुलाचा तीन वर्षांपूर्वीचा अनुभव नव्हे.

म्हणून पानाच्या समासात मुलांच्या इयत्ता लिहायच्या. मूल तिसरीत असेल तर पाच वर्षं मोकळी आहेत. आठवीत असेल तर दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट नेमकं दहावीवर येऊन आदळतं.

७. इकडं मागं राहतं ते

जायच्या तारखेला पैशात किंमत असते हे फार थोड्यांना माहीत आहे. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिला असेल तर आयकराच्या दृष्टीनं तो त्या वर्षी निवासी ठरतो, आणि निवासी माणसाचं जगातलं उत्पन्न इथं करपात्र असतं. १ एप्रिलपासून मोजा. १५ सप्टेंबरला गेला तर १६८ दिवस, अनिवासी. १५ ऑक्टोबरला गेला तर १९८ दिवस, निवासी. म्हणजे सौदीत ज्या पगारावर कर नाही, त्या ऑक्टोबर ते मार्चच्या पगाराचा हिशोब भारतात द्यावा लागेल. कंपनी तारीख बदलून देत नसेल तर निदान ही रक्कम आधी माहीत असावी.

बँकेत जाऊन साधं बचत खातं एनआरओ करून घ्यायचं आणि परदेशी पगार येण्यासाठी एनआरई उघडायचं. एनआरईवरच्या व्याजाला अनिवासी असेपर्यंत इथं कर नाही आणि तो पैसा केव्हाही परत बाहेर नेता येतो. इथलं घरभाडं, शेतीचं उत्पन्न एनआरओमध्ये जमा होतं आणि त्याच्या व्याजावर ३० टक्के दरानं कर आधीच कापतात. चालू पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालवता येतं, पण वाढवता येत नाही. सुकन्या समृद्धीचं खातं मात्र मुलगी अनिवासी झाली की बंद करावं लागतं. बाप एकटा गेला आणि मुलगी खापरखेड्यातच राहिली तर ते चालू राहतं. कुटुंब नेण्याच्या हिशोबात ही ओळ कुणाच्या ध्यानीमनी नसते.

शेतीचं सांगायलाच हवं, कारण सावनेर-काटोलच्या पट्ट्यात परदेशी पैशाचं पहिलं स्वप्न संत्र्याचा बगिचा असतं. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं आलेली किंवा जायच्या आधी घेतलेली ठेवता येते. यावर गावातला तोडगा ठरलेला आहे: पैसे आपले, सातबारा भावाच्या नावावर. भाऊ चांगला असतो. पुढं त्याची पोरं मोठी होतात आणि त्यांना हा तोंडी व्यवहार माहीतच नसतो.

एजंटाबद्दल थोडक्यात. नोंदणीकृत भरती एजंटाला कामगाराकडून घेता येणारी फी ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढीच आहे. एजंट नोंदणीकृत आहे का, ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येतं. दीड लाख मागणाऱ्याला पावती मागून बघा. आणि तो दीड लाख सावकाराकडून शेकडा तीननं आणला असेल तर महिन्याचे साडेचार हजार नुसतं व्याज जाईल. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर शिक्का असतो. त्यांना ठरावीक देशांत जाताना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, अपघाती मृत्यूचं संरक्षण १० लाख. ज्यांना सक्ती नाही त्यांनी मुदतीचा विमा जाण्याआधी इथंच उतरवावा.

८. अचानक परतावं लागलं तर

२ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेत घेतलं तेव्हा तिथं लाखाहून जास्त भारतीय होते, त्यांत मराठी कुटुंबंही. बरेच जण बसनं, ट्रकनं वाळवंट ओलांडून जॉर्डनला पोचले आणि अम्मानहून एअर इंडियानं लाखाहून जास्त लोकांना परत आणलं. कुवेतच्या बँकांत ठेवलेला पैसा त्या महिन्यांत कुणाच्या उपयोगी पडला नाही. पुढं संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगानं देश सोडावा लागलेल्यांना ठरावीक रक्कम दिली, एकट्याला जास्तीत जास्त ४,००० डॉलर आणि कुटुंबाला ८,०००. ती मिळायला वर्षं लागली. मे २०२० मध्ये करोनाकाळातल्या वंदे भारत उड्डाणांनी आखातातून लोक आले तेव्हा तिकिटाचे पैसे प्रवाशांनीच भरले. पगार थांबलेल्या चौकोनी कुटुंबाला चार तिकिटं काढावी लागली, एकट्याला एक.

रोजच्या जगण्यात याहून साधी कारणं असतात. कॉन्ट्रॅक्ट वाढत नाही, कंपनीला काम मिळत नाही. नोकरी गेली की व्हिसाही जातो आणि देश सोडायला मोजकेच दिवस मिळतात. घराच्या कराराचे उरलेले महिने, मुलांच्या फीचा सुरू झालेला हप्ता, गाडीचं कर्ज यांतलं काही परत मिळत नाही.

त्यासाठी वेगळा पैसा हवा आणि तो त्या देशात नको. आपल्या टेक्निशियनचं उदाहरण पुढं नेऊ. चार माणसांची एकेरी तिकिटं १,००,००० धरली, सामान पाठवायला ४०,०००, परत आल्यावर नोकरी लागेपर्यंत सहा महिने घर चालवायला दरमहा ३५,००० प्रमाणे २,१०,०००, मुलांच्या नव्या शाळाप्रवेशाला ५०,०००. बेरीज चार लाख. महिन्याला ९,२०० उरणाऱ्या घराला ही रक्कम साठायला साडेतीन वर्षांहून जास्त लागतील आणि कॉन्ट्रॅक्ट दोनच वर्षांचं आहे. तोच माणूस पहिलं पान धरून सहा महिने एकटा राहिला तर दरमहा ८६,९०० प्रमाणे पाच लाखांच्या वर जमतात. त्या सहा महिन्यांत शाळेचं वर्षही इकडं संपतं, कंपनी पगार वेळेवर देते की नाही हे दिसतं आणि इकाम्यावर नेमकं काय लिहिलंय तेही हातात येतं. तोवर पत्नीनं नोकरीचा राजीनामा देऊ नये आणि घर भाड्यानं लावण्याची घाई करू नये. चार लाख एनआरईच्या मुदत ठेवीत पडले की मग व्हिसाचे अर्ज भरायला घ्यावेत.